पाचवा गडी

पस्तिशी ओलांडलेल्या, केंद्र सरकारच्या एका कचेरीत वरिष्ठ लिपिक म्हणून दिवस काढणाऱ्या आणि बी. ए.ला तत्त्वज्ञान हा विषय होता हे अधूनमधून लोकांस ऐकविणाऱ्या गृहस्थाने रात्री साडेनऊला जेवण आटोपून युद्धास निघावे, हे ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटेल. आम्हांसही ते पहिले काही महिने तसेच वाटत असे. आता वाटेनासे झाले आहे. आणि एखादी गोष्ट चमत्कारिक वाटेनाशी झाली, म्हणजेच तिच्याविषयी शांतपणे विचार करावयास सवड मिळते.

बदली होऊन आम्ही बंगळूरला आलो, तेव्हा कचेरी कोरमंगलला आणि बिऱ्हाड एचएसआर लेआउटमध्ये, अशी व्यवस्था ठरली. होसूर आणि सर्जापूर ह्या दोन रस्त्यांवरून ह्या वसाहतीस तिची इंग्रजी आद्याक्षरे मिळाली आहेत, ही गोष्ट येथे राहणाऱ्या पुष्कळांस ठाऊक नसते. एका अंगास अगरचे तळे. आत 'सेक्टर', 'मेन' आणि 'क्रॉस' अशा नावांनी आखलेले रस्ते. खालच्या मजल्यावर परवा निघालेली आणि उद्या कदाचित नसलेली एखादी कंपनी, आणि वरच्या मजल्यांवर देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली बिऱ्हाडकरू मुले. आमच्या माथ्यावर अशी तीन मुले राहतात. आमचा मावसभाऊ पहिल्या नोकरीसाठी कोल्हापूरहून आमच्याकडे येऊन राहिला, तेव्हा एका आठवड्यातच त्याची त्यांच्याशी गट्टी जमली. चौघे झाले, पण खेळास पाच जण लागत. एके रात्री तो म्हणाला, "दादा, तू नुसता येऊन बस. पाचव्याला फारसं काही करावं लागत नाही."

ते वाक्य खोटे आहे, हे कळावयास आम्हांस दोन महिने लागले.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिला नसेल, त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. खेळाचे नाव 'डोटा'. हौशी मंडळींनी 2003 च्या सुमारास एका दुसऱ्याच युद्धखेळाच्या अंगावर हे बांडगूळ वाढविले. पुढे त्यास इतकी फळे लागली, की 2013 मध्ये व्हॉल्व्ह ह्या अमेरिकी कंपनीने त्याचा स्वतंत्र वृक्ष करून 'डोटा 2' ह्या नावाने तो जगापुढे ठेवला. दोन संघ, प्रत्येकी पाच गडी. दोन कोपऱ्यांत दोन गढ्या, त्यांस जोडणाऱ्या तीन वाटा, मधे रान आणि नदी. दर अर्ध्या मिनिटाने दोन्हीकडून पायदळाच्या तुकड्या आपोआप निघतात. शत्रूच्या सैनिकावर अखेरचा घाव ज्याचा, मोहर त्याची. त्या मोहरांतून शस्त्रे घ्यावयाची, बळकट व्हावयाचे आणि शेवटी शत्रूची गढी पाडावयाची. एक डाव चाळीस-पंचेचाळीस मिनिटे चालतो.

आता, रणभूमीवर मोहरा मोजक्या आहेत. त्या पाचांत सारख्या वाटल्या, तर पाचही जण अर्धपोटी राहतात. म्हणून खेळणाऱ्यांनी स्वतःच एक रीत पाडली आहे: गड्यांस एक ते पाच असे क्रमांक द्यावयाचे. हे क्रमांक मानाचे नव्हेत. ताटावर बसण्याच्या क्रमाचे आहेत. पहिल्याने सर्वांआधी जेवावयाचे, कारण शेवटच्या घटकेस संघाचा भार तोच वाहणार. त्यास 'कॅरी' म्हणतात. पाचव्याने जे उरेल ते घ्यावयाचे, आणि बहुधा काही उरत नाही. ह्या पाचव्यास म्हणतात 'सपोर्ट'.

मग तो करतो काय? आरंभीची दहा मिनिटे तो पहिल्याच्या शेजारी उभा राहतो. सैनिक मरावयास टेकला, की आपला हात आवरून धरतो, म्हणजे अखेरचा घाव पहिल्याचा पडावा. हे लिहावयास सोपे आहे. पण समोर मोहर लोंबकळत असता हात आवरणे किती जड जाते, हे ज्याने केले त्यासच ठाऊक. रानात वन्य पशूंचे तळ असतात. दर मिनिटास नवे पशू येतात, मात्र तळ रिकामा असेल तरच. म्हणून मिनिट भरण्याच्या चार-पाच सेकंद आधी पाचव्याने तेथे जाऊन, पशूंना डिवचून बाहेर पळवून न्यावयाचे. तळ घटकाभर रिकामा दिसतो, नवी टोळी येते, जुनी परतते, आणि एका तळावर दुप्पट शिकार जमा होते. ती शिकार करतो पहिला. घड्याळाकडे डोळा ठेवून दुसऱ्यासाठी ताट वाढून ठेवण्याचे हे काम इतके गृहिणीचे आहे, की ते आमच्या हिने पाहिले, तेव्हा ती काही न बोलता स्वयंपाकघरात निघून गेली.

पण पाचव्याचे खरे काम उजेडाचे आहे. नकाशाचा बहुतेक भाग अंधारात असतो. आपला माणूस जेथे उभा आहे, तेवढ्याच टापूत दिसते. शत्रू कोठे आहे, कोणावर दबा धरून आहे, हे कळावयास मार्ग एकच: 'वॉर्ड'. ही एक खुंटी असते. ती जेथे रोवावी, तेथून सहा मिनिटे आसपासचा टापू आपल्या संघास दिसत राहतो, आणि शत्रूस मात्र ती दिसत नाही. ती काढावयाची, तर त्याला दुसऱ्या जातीची, अदृश्य वस्तू दाखविणारी खुंटी आणावी लागते. म्हणजे सबंध डावभर दोन पाचवे एकमेकांस न भेटता एकमेकांशी झुंजत असतात: हा दिवे लावतो आहे, तो विझवितो आहे. टेकडीवरची नेहमीची जागा उत्तम, पण ती सर्वांस ठाऊक. तेथला दिवा मिनिटभरात जातो. झाडाआडची जागा थोडी कमी दाखविते, पण टिकते. नुकतीच चकमक जिंकली असेल, तर शत्रूच्या रानात खोल जाऊन दिवा लावावा. हरली असेल, तर आपल्याच दाराशी लावावा. ह्या साऱ्याचा विचार करता करता आम्ही कित्येक रात्री अंथरुणावर जागे राहिलो आहो. आणि दिवा लावावयास एकट्यानेच अंधारात जावे लागते, हेही सांगितले पाहिजे. डाव संपल्यावर जो तक्ता समोर येतो, त्यात सर्वांत अधिक मरणे पाचव्याच्या नावावर असतात. दिव्यांची संख्याही कोठेतरी असते. पण ती आतल्या पानावर, शोधील त्यासच सापडते.

आपणांपैकी जे कचेरीत टिपणी लिहितात, त्यांस ह्याहून अधिक स्पष्टीकरण नको. पंधरा दिवस जुने नियम आणि पूर्वीची उदाहरणे धुंडाळून प्रस्ताव मांडावयाचा, त्याखाली वरून एक शब्द यावयाचा, 'मान्य', आणि तो शब्दच काय तो शासनाचा निर्णय. आमच्या कुटुंबाने एकदा सरळच विचारले, "अहो, दिवसभर दुसऱ्यांच्या फायली सावरता, आणि रात्री हौसेनं पुन्हा तेच?" ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या वेळी देऊ शकलो नाही. हा लेख बहुधा त्याच प्रश्नापायी लिहावयास घेतला आहे.

पाठीशी उभे राहणाऱ्याची जागा मुळात हलकी आहे काय? तशी ती असेल, तर ती रात्रीही पत्करणे हा सवयीचा दोष झाला. पण ती हलकी आहे, असे पुराव्यावरून दिसत नाही. ह्याच खेळातील जागतिक स्पर्धा एका संघाने 2018 मध्ये व्हँकूव्हरला आणि 2019 मध्ये शांघायला अशी लागोपाठ दोनदा जिंकली. त्या आधी कोणत्याच संघास ती दोनदा जिंकता आली नव्हती. त्या संघाचा कर्णधार योहान सुंडस्टाइन हा डेन्मार्कचा तरुण. एके काळी तो पहिल्या जागी खेळलेला. ह्या दोन्ही विजयांत मात्र तो पाचव्या जागी होता. बक्षिसांच्या रकमेने पाहता जगातील सर्व खेळाडूंत तो पुढे अनेक वर्षे सर्वांत वर राहिला. म्हणजे खेळात शेवटी जेवणारा खेळाबाहेर पहिला ठरला.

पण इतक्या दूर कशास जावे? इंदूरला मराठी घरात जन्मलेले आणि ह्याच बंगळूरात वाढलेले राहुल द्रविड आपल्या सर्वांच्या माहितीचे आहेत. 1999 च्या विश्वचषकात टाँटनला श्रीलंकेविरुद्ध 318 धावांची भागी झाली, ती सौरव गांगुलींच्या 183 धावांसाठी लोकांच्या लक्षात आहे. समोरच्या टोकाकडून द्रविडांनी 145 केल्या होत्या. त्याच वर्षी हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध 331 ची भागी झाली. सचिन नाबाद 186, द्रविड 153. दोन्ही वेळा सांगताना आपण म्हणतो, 'समोरून साथ दिली.' दीडशे धावांची साथ! त्या विश्वचषकात सर्वांत अधिक धावा, 461, ह्या साथीदाराच्याच होत्या, हे किती जणांस आठवते? पुढे 2003 च्या विश्वचषकात संघास एक फलंदाज अधिक घेता यावा, म्हणून त्यांनी यष्टिरक्षकाचे हातमोजेही चढविले.

तेव्हा योग्यता कमी म्हणून कोणी पाचवा होत नाही. निदान, नेहमी होत नाही. इथवर आमचे समाधान झाले होते. किंबहुना ते जरा अधिकच झाले होते. आपण त्यागी आहोत, निरपेक्ष आहोत, ही भावना मोठी उबदार असते. ह्या शहरात बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येऊन म्हणतो, 'स्वल्प अड्जस्ट माडी', थोडे सरकून घ्या. आणि आपण सरकतो, तेव्हा सरकण्याच्या त्रासापेक्षा सरकल्याचे सुखच मोठे असते. पण त्या सुखात एक खोट आहे. पाचव्याकडून कोणी विजयाची अपेक्षा करीत नाही. पहिल्याच्या हातून शेवटचा घाव हुकला, तर सारे त्याला दोष देतात. आमच्या हातून घाव घातलाच जात नाही, मग हुकणार काय? नम्रता आणि भित्रेपणा ह्यांचे कपडे इतके सारखे असतात, की आरशात पाहूनही आपण कोणते घातले आहेत ते सांगता येत नाही.

एका रात्रीचा प्रसंग सांगतो. आम्ही डॅझल नावाचा वीर घेतला होता. त्याच्यापाशी एक मंत्र आहे: तो ज्याच्यावर टाकावा, तो काही सेकंद मरत नाही, मग त्याच्यावर कितीही घाव पडोत. मावसभाऊ नेहमीप्रमाणे पहिल्या जागी. डाव बरोबरीचा होता. तो एकटाच शत्रूच्या रानात शिरला. आमचा एक दिवा नदीकाठी जळत होता, आणि त्या दिव्याच्या उजेडात शत्रूचे तीन गडी क्षणभर दिसून नाहीसे झाले होते. आम्ही खुणेची घंटा वाजविली. पुन्हा वाजविली. बोलून सांगितले, "परत फीर." तो पुढेच गेला. आम्ही धावलो, मंत्र टाकला, चार-पाच सेकंद तो मेला नाही, आणि मग मेला. पाठोपाठ आम्हीही मेलो. मरण लांबविणे आणि जीव वाचविणे ह्यांत अंतर आहे, हे त्या रात्री समजले.

पुढच्या डावात पुन्हा तेच घडले. त्या वेळी आम्ही गेलो नाही. जावयास वेळ होता, मंत्रही हाताशी होता. पण गेलो असतो, तर उरलेल्या तिघांवर गढी सांभाळण्याची पाळी आली असती. तो एकटा मेला. डाव आम्ही तरीही हरलो, म्हणजे निकालाने आमची बाजू मुळीच घेतली नाही. खेळ संपताच तो म्हणाला, "दादा, तू आला नाहीस." आम्ही म्हणालो, "मी चारदा सांगितलं." त्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मी तुझा आवाज बंद करून ठेवला होता. तू पहिल्या मिनिटापासून बोलत होतास."

हे अक्षरशः खरे होते. त्याने एक सैनिक चुकविला, की आम्ही उसासा टाकीत होतो. त्याने भलते शस्त्र घेतले, की आम्ही टीका करीत होतो. पहिल्या डावाच्या पराभवाचा पाढा दुसऱ्या डावात वाचीत होतो. खेळात अशी सोय आहे, की नको तो आवाज एका कळीने बंद करता येतो. त्याने ती कळ दाबली. मग ज्या क्षणी आमच्या बोलण्यात खरोखर त्याच्या प्राणाचा प्रश्न होता, त्या क्षणी ते ऐकावयास कोणी नव्हते.

त्या रात्री झोप येईना. महाभारतातले दोन सारथी डोळ्यांपुढे उभे राहिले. कर्णपर्वात अर्जुनाचा सारथी कृष्ण, कर्णाचा शल्य. दोघेही राजकुळातले, दोघेही घोडे हाकण्यात निष्णात, दोघांचेही हे पाचवे स्थानच. शल्य तर मद्रदेशाचा राजा. सूतपुत्राचे घोडे हाकावयाचे, ह्याचा त्याला संताप, आणि शिवाय कर्णाचा तेजोभंग करीन, असे युधिष्ठिरास आधीच दिलेले वचन. रथ हलल्यापासून तो कर्णास टोचून बोलत राहिला. हंसाशी स्पर्धा करणाऱ्या कावळ्याची गोष्ट त्याने भर रणांगणात सांगितली. हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्यानंतरची एक बारीक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कर्णाने अर्जुनावर तो सर्पबाण जोडला, तेव्हा शल्य म्हणाला, की हा बाण मानेवर बसणार नाही. नीट पाहून दुसरा जोड. कर्ण म्हणाला, कर्ण दोनदा नेम धरीत नाही. बाण सुटला. पलीकडे कृष्णाने रथ जमिनीत दाबला, आणि बाण मानेऐवजी किरीट घेऊन गेला.

शल्याचा तो सल्ला खरा होता. दिवसभरात कदाचित तेवढाच खरा. पण सकाळपासून ज्याने विष ओतले, त्याच्या हातून अमृत कोण घेईल? कर्णाने अभिमानापोटी ऐकले नाही, असे आपण म्हणतो. आम्हांस वाटते, त्याने शल्याचा आवाज केव्हाच बंद केला होता.

उलट कृष्णाकडे पाहावे. शस्त्र धरणार नाही, ही त्याची अट. म्हणजे अखेरचा घाव कधीच त्याचा नाही. पण म्हणून तो मुका नव्हता. दोन सैन्यांच्या मधोमध रथ थांबवून तो बोलला, आणि सविस्तर बोलला. ज्याचा सारथी झालो, त्याच्या मनाविरुद्ध बोलला. त्यानंतर त्याने घोड्यांकडे लक्ष दिले. भीष्मांपुढे अर्जुनाचा हात सैल पडला, तेव्हा तो चक्र घेऊन रथाखाली उतरला, आणि अर्जुनाने पाय धरून त्यास मागे ओढले; म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचा घाव आपणच घालावा, हा मोह त्यालाही झाला होता. त्या मोहाविषयी आम्हांस अतिशय आत्मीयता आहे. अखेरचा घाव सोडणे हा पाचव्याचा धर्म खरा. पण तो सोडताना पाहणे आणि सांगणे ह्यांचा हक्क त्याने सोडलेला नसतो. उलट मोहरा सोडल्या, त्या दिव्यांसाठीच सोडल्या. जो दिवाही लावीत नाही, किंवा लावतो आणि त्यात दिसलेले सांगत नाही, त्याने मग नेमके दिले काय? तो संघात आहे, एवढेच.

अंधार पाडण्याचीही एक रीत आहे, हे मान्य करू. 7 फेब्रुवारी 1999 रोजी दिल्लीस अनिल कुंबळ्यांनी पाकिस्तानचे नऊ गडी बाद केले, तेव्हा दुसऱ्या बाजूने गोलंदाजीस असलेल्या जवागल श्रीनाथांनी यष्टींपासून दूर चेंडू टाकले, म्हणजे दहावा गडी चुकून आपणांस मिळू नये. कुंबळ्यांना तो मिळाला; 74 धावांत दहा. दोघेही कर्नाटकाचेच. आपल्या कामात मुद्दाम कसूर करणे हे एरवी संघाशी बेइमानी ठरेल. तेथे ती ठरली नाही, कारण समोर 420 धावांचे लक्ष्य होते आणि सामना हातात आलेला होता. सामना अटीतटीचा असता, तर? आम्हांस वाटते, श्रीनाथांनी चेंडू यष्टींवर टाकला असता, आणि कुंबळ्यांनीच त्यांस तसे सांगितले असते.

हे सारे लिहून झाले, आणि तरीही जे सांगावयाचे होते ते अजून सांगितलेले नाही. खेळातल्या त्या रात्री झोप येईना, ती मावसभावामुळे नव्हे.

काही वर्षांपूर्वी, आम्ही दुसऱ्या एका कचेरीत असता, सेवेत असताना वारलेल्या एका कर्मचाऱ्याच्या पत्नीच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाचे प्रकरण आमच्या मेजावर होते. सर्व कागद आम्हीच तपासून फायलीस लावले होते. फाइल वरून परत आली, तीवर शेरा होता: 'कुटुंबाचा तपशील जोडलेला नाही. मागवावा.' तो कागद फायलीत होता. पान कितवे, तेही आम्हांस पाठ होते. वरिष्ठ नवे होते, घाईत होते; पान उलटावयाचे राहून गेले, इतकेच. 'सदर कागद अमुक पृष्ठावर आहे' ही एक ओळ लिहून फाइल त्याच दिवशी पुन्हा वर पाठविता आली असती.

आम्ही ती लिहिली नाही. वरिष्ठांची चूक लेखी दाखविणे बरे दिसत नाही. ते मूल्यमापन अहवालांचे दिवस होते. आणि पाठीशी उभे राहणे हेच आपले काम, अशी त्या वेळी आमची समजूत होती. आम्ही त्या बाईंना पत्र पाठविले. त्या दावणगेऱ्याहून रात्रीच्या गाडीने तो कागद घेऊन आल्या. आमचे कानडी तेव्हा मोजक्या शब्दांचे होते. त्यांनी विचारले, की हे आधी दिले होते ना? आम्ही म्हणालो, साहेबांना पुन्हा हवे आहे. त्यांस बसावयास खुर्ची दिली, चहा मागविला, कागद हाताने घेऊन पोच दिली. निघताना त्यांनी हात जोडले आणि, आमच्या समजुतीप्रमाणे, असे म्हटले की, तुम्ही होतात म्हणून बरे झाले.

प्रकरण मंजूर झाले. थकबाकीसकट सर्व मिळाले. मधे अडीच महिने गेले. त्या अडीच महिन्यांत त्यांनी घर कसे चालविले, हे आम्ही विचारले नाही. दिवा आमच्यापाशी होता, त्याच्या उजेडात आम्हांस सर्व स्पष्ट दिसत होते. आम्ही शल्यासारखे अखंड बोललो नाही, हे खरे. आम्ही मुळीच बोललो नाही. आणि आपल्या वरिष्ठाच्या पाठीशी आम्ही उभे राहिलो, असेही म्हणता येणार नाही. कारण ती चूक त्यांस कळती, तर ते ती तेथेच दुरुस्त करते. मनुष्य वाईट नव्हता. आम्ही त्यांस अंधारात चालू दिले.

मावसभावाने आमचा आवाज बंद केला, ह्यात दुःख वाटण्यासारखे होतेच. पण त्याला निदान बंद करावयास आवाज होता.

अलीकडे आम्ही रात्रीच्या डावात कमी बोलतो. उसासे तर सर्वथा सोडले आहेत. त्यांस फार दिवस लागले. कचेरीत उलट थोडे अधिक लिहितो. गेल्या महिन्यात एका प्रकरणात जवळजवळ तसाच शेरा आला. दुसरे वरिष्ठ, दुसरा कागद. आम्ही पृष्ठाचा क्रमांक लिहिला, पुढे 'अवलोकनार्थ सादर' असे लिहिले, आणि सही करण्यापूर्वी उठून दोनदा पाणी पिऊन आलो. फाइल वर गेली आहे. अजून खाली आलेली नाही. घरी ही गोष्ट सांगितली, तेव्हा कुटुंबाने एवढेच विचारले, "ती ओळ लिहायला इतकी वर्षं लागली?"

मावसभाऊ आता पुण्यास नोकरीवर गेला आहे. खेळ चालू आहे. तेथून खेळता येतो. परवा रात्री अकराच्या सुमारास त्याने नदीच्या अलीकडे थांबून विचारले, "दादा, जाऊ का?" शत्रूचे तिघे नकाशावर दिसत नव्हते. आम्ही खुंटी घेऊन टेकडीकडे निघालो होतो, आणि माथा गाठावयास अजून दहा-बारा पावले राहिली होती.

"थांब," आम्ही म्हणालो, "बघून सांगतो."